झंस्कारचं पाणी किती वाजता उतरतं?

सह्याद्रीत हिंडणाऱ्याला ओढा वाचायला कोणी शिकवत नाही. घाटमाथ्यावर काळोखून आलं की पात्रात उतरायचं नाही, दोन दिवस उघडीप मिळाली की वाट मोकळी, एवढं पोरासोरांनाही कळतं. हाच ठोकताळा घेऊन लडाखच्या झंस्कार खोऱ्यात गेलेला माणूस नेमका चुकीच्या वेळी पाण्यात पाय घालतो. जुलै महिना, निळंशार आकाश, कडक ऊन, दुपारचे चार: नाला ओलांडायला याहून वाईट वेळ तिथे नसते. उलट आभाळ दोन दिवस झाकोळलेलं असेल, अंगातला स्वेटर काढवत नसेल, तर तोच नाला पोटरीएवढा होऊन गपगुमान वाहत असतो.

कारण साधं आहे. हे पाणी पावसाचं नाही, बर्फाचं आहे. पण एवढ्या एका गोष्टीतून पुढे जे जे निघतं, ते समजून घेतलं नाही तर हातातल्या नकाशाचा फारसा उपयोग होत नाही.

बेचकी आणि घळ

झंस्कारचा आराखडा बेचकीसारखा आहे. दोन फांद्या पदुमजवळ मिळतात आणि एक दांडा उत्तरेला सिंधूकडे जातो. पदुम हे खोऱ्याचं मुख्य गाव, उंची सुमारे 3,650 मीटर.

पहिली फांदी स्तोद, हिलाच दोदा असंही म्हणतात. कारगिलहून येणारा रस्ता सुमारे 4,400 मीटरवर पेन्सी ला ही खिंड ओलांडतो, तिथून उतरताना उजव्या हाताला द्रांग द्रुंग ही वीसेक किलोमीटर लांबीची हिमनदी पसरलेली दिसते. स्तोदचा उगम तिचाच. त्याच खिंडीच्या पलीकडच्या अंगाचं पाणी सुरू नदीतून कारगिलला जातं. दुसरी फांदी लुंगनाक. तिचा वरचा भाग त्साराप या नावाने ओळखला जातो आणि तो थेट सरचूच्या माळापासून येतो. मनाली–लेह रस्त्याने बाइकवर जाणारे बारालाचा ला ओलांडतात तेव्हा नकळत एक पाणलोट ओलांडत असतात: दक्षिणेचं पाणी भागा नदीतून चिनाबला, उत्तरेचं युनममधून त्सारापला. फुगतालच्या गुहेला चिकटून बांधलेल्या गोन्पाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, थोडं खाली पुर्णे गाव आहे, तिथे शिंकू ला या 5,091 मीटर उंचीच्या खिंडीकडून येणारा कर्ग्याकचा प्रवाह त्सारापला मिळतो.

स्थानिक शब्द चार-पाचच लक्षात ठेवले तरी नकाशा बोलू लागतो. ला म्हणजे खिंड. छू म्हणजे पाणी, मोठ्या प्रवाहाच्या नावामागे लागतं. तोकपो म्हणजे बाजूने येणारा नाला. थांग म्हणजे सपाट माळ. आणि सुमदो म्हणजे तिठा, बहुतेक वेळा दोन पाण्यांचा संगम. नावात सुमदो दिसलं की तिथे एखादा प्रवाह पार करायचा प्रसंग येऊ शकतो, हे आधीच धरून चालावं.

पदुमपासून झांगलापर्यंत खोरं एखाद्या परातीसारखं रुंद आहे. नदी वाळूच्या बेटांमधून दहा धारांनी पसरते. आणि मग ती जे करते ते पहिल्यांदा बघणाऱ्याला पटत नाही. समोर झंस्कार रांगेची भिंत उभी असते, सहा हजार मीटरच्या आसपास शिखरं असलेली. नदी त्या भिंतीला वळसा घालत नाही, तिच्यात शिरते, आणि सव्वाशे-दीडशे किलोमीटर घळीतून जाऊन निमूजवळ सिंधूला मिळते. तेवढ्या वाटेत ती जेमतेम पाचशे मीटर उतरते.

नदीने डोंगर फोडला कसा, हे समजायला स्वयंपाकघरातली विळी आठवा. सुरी भाजीवरून फिरते, पण विळीचं पातं जागेवर असतं आणि भाजी त्याच्यावर दाबली जाते. इथे पातं म्हणजे नदी. ती आपल्या जागेवर वाहत होती, खालून डोंगर वर येत गेला आणि तिच्यावर कापला गेला. भूगोलात अशा नदीला पूर्ववर्ती नदी म्हणतात.

जो कापला गेला तो दगडही वेगळा आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो थिजला तेव्हा भारताचा भूभाग अजून आशियाला भिडलाही नव्हता. ती टक्कर साधारण 5 कोटी वर्षांपूर्वीची. मधला टेथिस समुद्र त्या चिमट्यात सापडला आणि त्याच्या तळाचा चुनखडक, वाळूखडक, पत्र्यासारखा सुटणारा शेल आज झंस्कार रांगेत उभा-आडवा घडी घालून ठेवल्यासारखा दिसतो. चिलिंग गाव ते निमूच्या दरम्यान जांभळे आणि हिरवट थर अक्षरशः पुस्तकाच्या पानांसारखे उभे आहेत. ट्रेकरसाठी याचा अर्थ एवढाच की सह्याद्रीत कातळाच्या खोबणीवर जो भरवसा टाकता येतो तो इथे टाकू नये. शेलची खोबण धरली तर ती हातात येते.

पाण्याचं घड्याळ

आता मूळ प्रश्न. हिमनदीवरचा बर्फ सगळ्यात जोरात वितळतो तो दुपारी एक ते तीनच्या सुमारास. ते पाणी लगेच तुमच्यापाशी येत नाही. आधी ते हिमनदीच्या भेगांतून, पोटातल्या बोगद्यांतून बाहेर पडतं, मग नाल्याने खाली येतं. नाल्याचा वेग सेकंदाला दीड मीटर धरला तर तासाला सुमारे पाच किलोमीटर होतात. हिमनदीचं तोंड दहा किलोमीटर वर असेल तर वाटेचे दोन तास, बर्फातून सुटायचा तास-दीड तास. म्हणजे दुपारी दोनचं ऊन तुम्हाला संध्याकाळी साडेपाचला भेटतं. रात्री वितळणं मंदावतं, आणि पहाटेपासून सकाळी आठपर्यंत पाणी सगळ्यात खाली असतं.

इथे एक फसगत होते. ‘सकाळी पाणी कमी’ हा नियम बाजूच्या नाल्यांचा आहे, मोठ्या नदीचा नाही. हिमनदी पन्नास किलोमीटर वर असेल तर वरच्याच हिशोबाने दुपारचा लोंढा मध्यरात्रीनंतर पोचतो, आणि पहाटे पाच वाजता नदी अजून उतरलेलीच नसते. शिवाय पाच-पन्नास नाल्यांचे लोंढे वेगवेगळ्या वेळी येऊन मिसळतात, त्यामुळे मोठ्या नदीत दिवस-रात्रीचा फरक पुसट होतो. मोठी नदी पुलावरूनच ओलांडायची असते, तेव्हा चालणाऱ्याचा प्रश्न तिथे सुटतो. मुक्काम करणाऱ्याचा सुटत नाही. काठाची सपाट, मऊ वाळू तंबूला फार मोहात पाडते. ती सपाट का आहे? कारण पाणी तिच्यावरून जाऊन आलेलं आहे. संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक काडी खोवून ठेवावी आणि तासाभराने बघावी. पाणी काडीच्या पुढे गेलं असेल तर तंबू वरच्या टप्प्यावर हलवा, जेवणाआधीच.

वर्षाचंही असंच एक घड्याळ आहे. मे-जूनमध्ये वितळतो तो हिवाळ्यात उतारांवर पडलेला बर्फ. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत हिमनद्यांचं पाणी जोरात असतं, हाच सर्वोच्च काळ. सप्टेंबरमध्ये नाले उतरतात आणि ऑक्टोबरपर्यंत नदी इतकी निवळते की राखाडीची हिरवी-निळी होते. ऐन उन्हाळ्यात वर ताजा बर्फ पडला तरी पाणी चार दिवस कमी राहतं, कारण पांढरा कोरा बर्फ ऊन परतवतो. जुना, मातकट बर्फ ऊन पितो.

मग पावसाची भीतीच नाही का? आहे, आणि ती दुसऱ्या जातीची आहे. लेहला वर्षभरात साधारण शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे घाटमाथ्यावर तेवढा एका दुपारी पडतो. पण तिथल्या उतारांवर गवताची काडी नाही, माती धरून ठेवणारी मुळं नाहीत. थोडासा जोराचा पाऊस पडला की पाण्याऐवजी चिखल-दगडांचा लगदा खाली येतो. 5 आणि 6 ऑगस्ट 2010 च्या रात्री लेहमध्ये हेच झालं. म्हणून नुसते ढग असतील तर नाला सोपा; पण खरोखर सर कोसळू लागली तर कोरड्या नाल्याच्या पात्रातूनसुद्धा बाहेर पडावं.

पाण्याचा राखाडी, दुधट रंग म्हणजे हिमनदीने दळलेलं दगडाचं पीठ. त्यामुळे तळ दिसत नाही आणि खोली डोळ्यांनी मोजता येत नाही. हे पाणी थेट फिल्टरमधून काढलं तर फिल्टर दोन दिवसांत बसतो. रात्री पातेल्यात निवळत ठेवावं, सकाळी वरचं ओतून घ्यावं, तळाचा गाळ फेकून द्यावा. हात बुडवून बघितला तर जाणवतं की हे पाणी किंचित खरखरीत आहे.

नाला ओलांडताना

जागा निवडण्यात निम्मं काम होतं. मन अरुंद जागेकडे धावतं, कारण पलीकडचा काठ जवळ दिसतो. पण तेवढंच पाणी अरुंद जागेतून जायचं तर ते खोल आणि वेगवान असणारच. रुंद जागा शोधा, जिथे प्रवाह तीन-चार धारांत फुटलेला आहे. वळणावर बाहेरचा काठ खोल असतो, म्हणून वळण टाळा. मग खालच्या अंगाला काय आहे ते बघा: तुम्ही पडलात तर कुठे जाल? खाली घळ, मोठा धोंडा किंवा पुलाचे तुटके खांब असतील तर जागा कितीही उथळ असली तरी ती बाद.

एक दगड टाकून बघावा. ‘चळ्ळ’ असा फुटका आवाज आला तर उथळ, ‘डुबुक’ असा भरीव आला तर खोल. आणि काठावर उभं राहून कान द्यावा. पाण्याखालून दूरच्या मेघगर्जनेसारखी गडगड येत असेल, तर तळाचे धोंडे सरकताहेत. त्या पाण्यात उतरायचं नाही, यात दुसरा विचारच नको. सकाळपर्यंत थांबायचं.

गुडघ्याएवढं वेगवान पाणी ही एकट्याची मर्यादा समजावी. मांडीपर्यंत आलं की दोन गोष्टी एकदम होतात: धक्का लागायला जास्त अंग मिळतं, आणि पाणी शरीराला उचलू लागतं, त्यामुळे तळव्यांची पकड सुटते. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो, म्हणून संध्याकाळचं चार बोटं जास्त पाणी दिसतं त्यापेक्षा कितीतरी जड असतं.

बूट घालूनच उतरा, फार तर मोजे काढून ठेवा. अनवाणी पाय गोल धोंड्यांवर टिकत नाहीत, आणि एक-दोन अंश तापमानाच्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटांत तळव्याला काही कळेनासं होतं. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा. पडलात तर सॅक टाकून देता आली पाहिजे, नाहीतर तीच तुम्हाला तोंडावर दाबून धरते. तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, काठी पुढे रोवलेली, आणि दोन टेकू पक्के असल्याशिवाय तिसरा हलवायचा नाही. एकेक पाऊल आडवं सरकवत, किंचित खालच्या दिशेने जा. सरळ रेषेच्या हट्टाने प्रवाहाशी भांडण होतं. तिघं-चौघं असाल तर खांद्यांना धरून एकमेकांमागे, सगळ्यात दणकट माणूस वरच्या अंगाला, म्हणजे त्याच्या आडोशाला बाकीच्यांना कमी जोर लागतो. दोर माणसाच्या कमरेला बांधू नये. पडल्यावर ताणलेला दोर माणसाला वर ओढत नाही, पाण्याखाली दाबतो. ही चूक करणारे पुष्कळ दिसतात, आणि दोर बांधल्यामुळे त्यांना सुरक्षित वाटतं ही त्यातली वाईट गोष्ट.

गाडीवाल्यांसाठी थोडक्यात. रस्त्यावर आलेला नाला आधी पायी बघावा. रात्रीतून धोंडे हललेले असतात, कालचा माग आज उपयोगी नाही. बाइक पहिल्या गिअरमध्ये, थ्रॉटल एकसारखा, क्लच मध्येच दाबायचा नाही. इंजिन पाण्यात बंद पडलं आणि एअर फिल्टर भिजला असेल तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि तिथून पुढचा प्रवास ट्रकमधून होतो. बाहेर ढकला, प्लग काढा, पाणी काढून टाका, मग बघा. पलीकडे गेल्यावर ओले ब्रेक दोन-चारदा दाबून सुकवायचे.

घसारा, पंखे आणि गावं

रात्री भेगांतलं पाणी गोठतं, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि दगडाला पाचर मारल्यासारखं फोडतं. सकाळी उतारावर ऊन पोचलं की धरून ठेवणारा बर्फ सुटतो आणि दगड सुटू लागतात. म्हणून घसाऱ्याची आडवी वाट ऊन येण्याआधी पार करावी. खालून बघून उन्हाची रेघ कुठे आली आहे ते सहज कळतं. दुपारी वारा सुटतो तेव्हा दुसरी फेरी. घसाऱ्यावर थांबून फोटो काढू नयेत, आणि वर कोणी चालत असेल तर त्याच्या खाली राहू नये.

बाजूचे नाले हा सगळा माल आणून दरीच्या तोंडाशी पंख्याच्या आकारात पसरतात. झंस्कारमधली बरीच गावं अशाच पंख्यांवर आहेत. खाली वाहणारी मोठी नदी शेतापेक्षा खोल असते, तिचं पाणी वर येत नाही. पाणी येतं ते वरच्या नाल्याच्या पाटाने, ज्याला तिथे युरा म्हणतात. त्यामुळे नदी भरून वाहत असताना काठावरचं गाव तहानलेलं, असं चित्र तिथे दिसू शकतं. कुमिक गावाचं तेच झालं. त्याचं पाणी वरच्या डोंगरावरच्या हिवाळी बर्फाचं. बर्फ कमी पडू लागला, लवकर वितळू लागला, आणि घरं एकेक करून खाली नदीच्या बाजूला, मारथांगला हलवावी लागली.

नदी अचानक आटली तर

31 डिसेंबर 2014 ला फुगतालच्या बाजूला एक अख्खा उतार त्सारापमध्ये कोसळला. नदी अडली, मागे काही किलोमीटर लांबीचं तळं साचलं. हिवाळ्यात पाणी कमी, म्हणून ते हळूहळू भरलं. मध्ये चर खणून पाणी थोडं थोडं सोडायचे प्रयत्न झाले. 7 मे 2015 ला बांध फुटला आणि खालचे पूल एकामागून एक वाहून गेले. आधीच इशारा मिळाला होता, लोक वर सरकले होते, म्हणून माणसं वाचली.

यातून चालणाऱ्याने एक खूण लक्षात ठेवावी. वाहती नदी कारण नसताना एकदम उतरली तर ती चांगली बातमी नाही. वर काहीतरी अडलं आहे. पात्र उघडं पडलं म्हणून पार व्हायला धावू नका. काठ सोडून उंचावर जा, आणि पहिल्या गावात सांगा.

चादर

जानेवारी-फेब्रुवारीत हीच नदी वाट होते. घळीत पायवाटेला जागा नाही, खिंडी बर्फाने बंद, म्हणून झंस्कारी लोक पिढ्यान् पिढ्या गोठलेल्या नदीवरून लेहला जात आले. तिला चादर म्हणतात. निमूपासून पदुममार्गे दारचा गावापर्यंतचा 298 किलोमीटरचा रस्ता मार्च 2024 मध्ये जोडला गेला आणि शिंकू ला खिंडीखालच्या 4.1 किलोमीटर लांब बोगद्याचं काम त्याच वर्षी जुलैमध्ये सुरू झालं, त्यामुळे गरज म्हणून चालणारे कमी होत जाणार. पण बर्फ तसाच आहे.

तळं वरून गोठतं, वाहती नदी तशी गोठत नाही. पाणी शून्यावर आलं की प्रवाहात बर्फाचे बारीक कण तयार होतात, बर्फाच्या गोळ्याच्या चुऱ्यासारखे. ते वाहत येऊन वळणावर, काठाला, धोंड्यांना चिकटतात आणि काठाची पट्टी रुंद होत जाते. जिथे उतार तीव्र आहे तिथे पाणी उघडंच राहतं. त्यामुळे चादर एकसंध कधीच नसते आणि रोज बदलते. काचेसारखा पारदर्शक, निळसर बर्फ भक्कम. हवेच्या बुडबुड्यांनी पांढरा झालेला कमजोर. वर ताजा भुसभुशीत थर असेल तर अधिक सांभाळा, कारण तो दुलईसारखा खालचा बर्फ गार होऊ देत नाही. काठी आपटली की ‘ठक्क’ असा घट्ट आवाज हवा. ‘ढब’ आला तर खाली पोकळी आहे.

आणि पुन्हा आभाळ. हिवाळ्यात निरभ्र रात्र म्हणजे कडाक्याची थंडी आणि सकाळी पक्की चादर. ढगाळ रात्र उबदार, तेव्हा चादर तुटते. खाली कुठे बर्फाचे तुकडे अडकून नदी तुंबली तर पाणी वर येऊन बर्फावरूनच वाहू लागतं, घोट्याएवढं, कधी गुडघ्याएवढं. त्यात भिजलेले बूट उणे वीस अंशात अर्ध्या तासात लाकूड होतात. म्हणून तिथले लोक रबरी गमबूट घालतात, आत लोकरीचे मोजे, आणि कोरड्या मोज्यांची एक जोडी अंगातल्या कपड्यांच्या आत ठेवतात. पाणी वर आलं की ते काठावरच्या गुहेत शेकोटी करून बसतात. कधी चार तासांत खालचा अडथळा सुटतो, कधी दोन दिवस लागतात, आणि पीठ-चहा त्या हिशोबानेच पाठीवर घेतलेला असतो.